टोकन, कॅशियर आणि युनिक्सचा प्रिंटर

बडोद्याच्या बँकांत आपल्या मराठी घरांतली किती माणसं होती, हे वेगळं सांगायला नको. हातानं लिहिलेल्या लेजरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवास आमच्या पिढीनं केला. त्यातली एक संध्याकाळ नोंदवून ठेवतो.

१९८३ मध्ये यंत्रीकरणाबाबत संघटनांशी करार झाला. डॉ. सी. रंगराजन समितीचे अहवाल १९८४ आणि १९८९ मध्ये आले, आणि हळूहळू शाखांत मशीनं शिरली. आमच्याकडे युनिक्सचा सर्व्हर होता. प्रिंटर त्यालाच केबलनं जोडलेला. १९९७ मध्ये नेटवर्कवरचा प्रिंटर आला. त्याला स्वतःचा आयपी पत्ता द्यायचा, तो पत्ता आणि प्रिंटरचं नाव सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत लिहायचं, मग त्या नावाची छपाईची रांग तयार करायची. छापायची कमांड ‘एलपी’, म्हणजे लाइन प्रिंटर. ओळीओळीनं छापणाऱ्या जुन्या यंत्रांवरून पडलेलं नाव.

इंजिनिअर सगळं करून गेला. संध्याकाळी डे-एंडचा बॅलन्स छापायला दिला. स्क्रीनवर रिक्वेस्ट नंबर आला, पण कागद हलेना. पुन्हा दिला, पुन्हा नंबर. असं सात वेळा. स्टाफ घरी जायला खोळंबलेला. आमचे हेड कॅशियर, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, कॉम्प्युटरच्या उघड विरोधात होते. मी वैतागून सगळ्यांसमोर म्हणालो, “नाना, झालं ना तुमच्या मनासारखं?”

ते काही बोलले नाहीत. मी ‘एलपीस्टॅट’ मारून मोठ्यानं वाचलं: रांग रिक्वेस्ट स्वीकारतेय, प्रिंटर डिसेबल्ड. तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, “अहो साहेब, म्हणजे टोकनं वाटताय, पण खिडकीवर कॅशियर बसलेलाच नाही.”

अगदी तेच होतं! युनिक्समध्ये परवानग्या दोन. ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणजे रांगेनं काम घ्यायचं, ‘एनेबल’ म्हणजे प्रिंटरनं छापायला लागायचं. पहिली दिली होती, दुसरी राहून गेली होती. एनेबल टाइप केलं आणि बॅलन्स धडाधड सात वेळा छापून आला. नानांनी त्यातली एक प्रत उचलली, रोख शिल्लक आपल्या वहीशी ताडली. पैशाला पैसा जुळला. त्यांनी सही केली, चाव्या घेतल्या आणि घरी गेले.

पुढे १९९९ मध्ये कप्स आलं, युनिक्स-लिनक्सवरची छपाई सोपी झाली. पण अ‍ॅक्सेप्ट-एनेबलची जोडी त्यातही राहिली. कोअर बँकिंगनंतर आमचा शाखेतला सर्व्हरच गेला.

नानांना मशीन कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांना काम कळत होतं, म्हणून मशीनही कळलं. त्या टोमण्याची माफी मागायची राहून गेली. नाना आता नाहीत. म्हणून ती इथे, तुमच्यासमोर मागतो.