‘राजा’ नावाच्या वाटण्या

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला प्रवास करणाऱ्या नवख्या माणसाला एका गोष्टीचे नवल वाटते. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहुणा राजा, किनगाव राजा, आडगाव राजा... गावामागून गाव येते आणि प्रत्येकाच्या नावाला ‘राजा’ चिकटलेला! एवढ्याशा टापूत इतके राजे नांदले तरी कसे? खरे पाहता राजे पुष्कळ असले तरी घराणे एकच, जाधवरावांचे. वंश वाढला, शाखा फुटल्या, ज्याने त्याने आपली गढी बांधली आणि गावांची नावे त्याची साक्ष देत राहिली. एका घराच्या वाटणीपत्राचा जणू नकाशाच झाला!

या घराण्याचा मोठा पुरुष लखुजी. जिजाऊंचे वडील म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. निजामशाहीत त्यांचा दबदबा होता; मधल्या काळात ते मोगलांकडे गेले, तेव्हा त्यांना व त्यांच्या नातलगांना मिळून चोवीस हजारी मनसब मिळाली होती. पुढे ते निजामशाहीत परतले. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या दरबारी मुजऱ्याला गेले असता दगा झाला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव एकाच दिवशी कापले गेले. एका घरच्या तीन पिढ्या एका दालनात संपल्या. तरीही घराणे बुडाले नाही. भाऊ जगदेवराव आणि पुत्र बहादुरजी तेवढे वाचले होते. ते मोगलांना मिळाले आणि वंश तगला.

येथे जुन्या काळचा एक व्यवहार ध्यानात घ्यावा. मनसब काय किंवा जहागीर काय, ती सरकारची मर्जी. आज दिली, उद्या काढली. वतनाचे तसे नव्हते. देशमुखी किंवा पाटीलकी बापाकडून लेकाकडे जाई. राज्य बदलले तरी नवा राजा बहुधा जुन्या वतनदाराला नवी सनद देई. म्हणून मराठे सरदार मोठ्या जहागिरीपेक्षा लहानशा वतनासाठी जास्त जिवावर उदार होत. वतनाची वाटणीही विचारपूर्वक होई. उत्पन्नाच्या तक्षिमा भावाभावांत पडत, पण शिक्का आणि मानपान वडील शाखेकडे राही. तंटा झालाच तर गोतसभा बसे, जाणत्यांच्या साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. कागदावर नावे, निशाण्या व साक्षी असत, कारण माणूस विसरतो आणि मरतो, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

या वाटण्यांचा दुसरा गुण १८५१ साली दिसला. देऊळगाव राजाचे बाजीराव जाधव यांच्या पदरच्या अरबांची हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेशी मोठी चकमक झाली. पदरच्या माणसांच्या वर्तनाबद्दल बाजीरावांना जबाबदार धरले गेले, त्यांची वडिलार्जित दौलत जप्त झाली आणि १८५६ साली ते राजकैदेत वारले. इतर शाखांचे वंशज मात्र त्याच परिसरात नांदत राहिले. सगळे घर एकाच माणसाच्या माथ्यावर उभे नसले, म्हणजे एक खांब पडला तरी आढे खाली येत नाही. देऊळगावी जाधवांनीच स्थापिलेला बालाजी आहे. राजांची सत्ता गेली, पण त्याचा उत्सव दर आश्विनात भरतो.

याच जिल्ह्यात शेगावी आणखी शहाणे उदाहरण आहे. गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. संस्थानाची स्थापना मात्र १२ सप्टेंबर १९०८ रोजी, महाराजांच्या हयातीतच झालेली होती. मागाहून कोण काय पाहणार, हे आधीच ठरलेले असले की वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आपल्या धर्मशास्त्रात वाटणीचा ऊहापोह अफाट. मृत्युपत्र मात्र नव्हतेच म्हणावे. ते इंग्रजी अमदानीत रुजले. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांनी धर्मांतर केलेल्या मुलाला वगळून मृत्युपत्र केले, त्याचा वाद विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७२ साली निकाल लागला. जन्मास न आलेल्या माणसाच्या नावे मिळकत लिहून ठेवता येत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. लेखी मजकूर, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार ही अट आज सर्वांच्या परिचयाची आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने एकत्र कुटुंबातील आपला हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा हिंदू माणसाला दिली. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा गैरसमज तर सोडूनच द्यावा. ती नोंद महसुलासाठी असते.

आता एक गोष्ट मनाला चुटपुट लावते. लखुजींच्या लेकरांत इतिहासाने सर्वांत मोठे मानले ते जिजाऊंना. पण सिंदखेडच्या वतनात लेकीची तक्षीम नव्हती. ज्या कन्येमुळे त्या गावाला आज तीर्थाचे मोल आले, तिच्या नावे त्या गावातले एक शेतही लागले नसते! ती उणीव भरून निघायला ९ सप्टेंबर २००५ उजाडावा लागला. त्या दिवशीच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्या तारखेला बाप हयात नसला तरी तो हक्क अबाधित आहे.

कायदा झाला, पण घरात अजून ‘बहीण काय, हक्कसोड करून देईलच’ असे गृहीत धरून बोलणे होते. दिवाळीला सारे घरी जमतात, भाऊबीजेला बहिणी येतात. ओवाळणीच्या तबकात नोट टाकताना भावाने तिला हिश्शाबद्दलही मोकळेपणी विचारावे, आणि तिचे उत्तर काहीही असो, ते वडीलधाऱ्यांच्या देखत कागदावर उतरवावे. वडीलधारे बसलेले असतात तोवरच कागद नीट लिहिले जातात. नंतर लिहितात ते वकील.