तपासणीची नोंद खोटी लिहिली तर तुरुंग? अणुप्रकल्पाच्या एका गाजलेल्या प्रकरणातून समजून घ्या कायदा

अणुऊर्जा प्रकल्पाची सुरक्षा बऱ्याच अंशी कागदावर अवलंबून असते. कोणता भाग कधी तपासला, गळती कुठे दिसली, साफसफाई पूर्ण झाली की अर्धवट राहिली, हे सगळं कर्मचारी लिहून ठेवतात. सरकारी निरीक्षक प्रत्येक नळीपाशी उभा राहू शकत नाही. या नोंदींवर भरवसा ठेवूनच प्रकल्प चालू ठेवण्याची परवानगी मिळते. म्हणून अशी नोंद जाणूनबुजून खोटी लिहिणे हा गुन्हा ठरतो. त्यासाठी अपघात व्हावाच लागतो असं नाही. अमेरिकेतील डेव्हिस-बेसी प्रकल्पाच्या प्रकरणात हे स्पष्ट झाले.

नेमकं प्रकरण काय?

डेव्हिस-बेसी हा प्रकल्प ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावर आहे. तिथल्या अणुभट्टीतील पाण्यात बोरिक ॲसिड मिसळलेले असते. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर म्हणजे हेच. मात्र असे तापलेले पाणी गळून साध्या पोलादावर साचत राहिले, तर ते पोलाद खाऊन टाकते.

अणुभट्टीच्या झाकणातून नियंत्रण कांड्यांसाठी अनेक नळ्या आत जातात. दुसऱ्या एका प्रकल्पात अशा नळ्यांना भेगा सापडल्या. त्यानंतर ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने कंपन्यांना विचारले, की तुमच्याकडे तपासणी कशी झाली आहे? जास्त धोका असलेल्या प्रकल्पांनी ३१ डिसेंबर २००१ पर्यंत तपासणी करावी, नाहीतर उशीर का चालेल याचे कारण द्यावे, असेही सांगितले.

तपासणीसाठी प्रकल्प बंद ठेवावा लागतो आणि बंद प्रकल्पातून वीज विकता येत नाही. डेव्हिस-बेसी चालवणाऱ्या फर्स्टएनर्जी न्यूक्लिअर ऑपरेटिंग कंपनीने मुदत वाढवून मागितली. चर्चेअंती १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत प्रकल्प चालवायला परवानगी मिळाली.

मार्च २००२ मध्ये दुरुस्ती सुरू असताना झाकणात मोठा खड्डा सापडला. सुमारे साडेसहा इंच जाडीचे पोलाद ॲसिडने आरपार खाल्ले होते. त्या जागी आतल्या बाजूचा स्टेनलेस स्टीलचा पातळ थर तेवढा उरला होता. त्याची जाडी एक सेंटीमीटरही नव्हती. आतल्या पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या साठ-सत्तर पट असतो. तो सगळा दाब या एका थराने पेलला होता.

खोटं कुठे होतं?

आयोगाला पाठवलेल्या पत्रांतून असे चित्र उभे केले गेले, की आधीच्या तपासण्यांमध्ये जवळपास संपूर्ण झाकण पाहून झाले आहे. प्रत्यक्षात झाकणावर बोरिक ॲसिडचे थर साचले होते. त्यामुळे बराच भाग दिसतच नव्हता आणि साफसफाईही अपुरी राहिली होती. २००० सालच्या तपासणीतील फोटोंत गंजाने लाल झालेले थर दिसतात. थोडक्यात, जे पाहिलंच नाही ते पाहिलं म्हणून कळवलं.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या फौजदारी कायद्यानुसार केंद्र सरकारच्या यंत्रणेला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडवणे हा गुन्हा आहे. प्रत्येक आरोपासाठी ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, शिवाय दंड वेगळा. शपथ घेऊन खोटं बोललं असलंच पाहिजे, अशी अट नाही. कोणाला इजा झाली हेही सिद्ध करावे लागत नाही.

पण एक गोष्ट सिद्ध करावीच लागते. ती म्हणजे सांगणाऱ्याला खरं काय ते माहीत होतं. घाईत आकडा चुकला किंवा रकाना भरायचा राहिला, तर ती चूक. तिच्यासाठी आयोगाच्या नियमांनुसार कारवाई होऊ शकते, पण तेवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरत नाही.

कोणाला काय शिक्षा झाली?

एप्रिल २००५ मध्ये आयोगाने कंपनीला ५४ लाख ५० हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. जानेवारी २००६ मध्ये कंपनीने सरकारी वकिलांशी करार केला. कर्मचाऱ्यांनी आयोगाला जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे मान्य केले आणि दंड, भरपाई व समाजोपयोगी कामे मिळून २ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे कबूल केले. बदल्यात कंपनीवरचा फौजदारी खटला अटींवर थांबवण्यात आला.

तीन व्यक्तींवर मात्र खटले चालले. एका अभियांत्रिकी व्यवस्थापकाला ऑक्टोबर २००७ मध्ये पाचपैकी तीन आरोपांत दोषी ठरवले गेले. त्याला ३ वर्षांची परिवीक्षा म्हणजे देखरेखीखाली मोकळीक, ४ महिने घरातच कैद, ७,५०० डॉलर दंड आणि २०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. बाहेरून कामाला घेतलेला एक सल्लागार त्याच खटल्यात निर्दोष सुटला. दुसऱ्या एका अभियंत्याला २००८ मध्ये दोषी ठरवले गेले. साफसफाईसाठी आपणच आग्रह धरला होता आणि आपल्याला बळीचा बकरा केलं जातंय, असे त्याचे म्हणणे होते. ते ज्युरीने मानले नाही. त्याला ३ वर्षांची परिवीक्षा आणि ४,५०० डॉलर दंड झाला.

म्हणजे तुरुंगात कोणीच गेले नाही. मात्र दोघांच्या नावापुढे फौजदारी गुन्हा कायमचा लागला. प्रकल्पही सुमारे दोन वर्षे बंद राहिला.

देखरेख करणाऱ्यांवरही ठपका

आयोगाच्याच महानिरीक्षकाने डिसेंबर २००२ मध्ये अहवाल दिला. मुदतवाढ देताना कंपनीच्या आर्थिक नुकसानीचा विचार मोठ्या प्रमाणात झाला, असे त्यात म्हटले होते.

त्याच वर्षी जपानमध्ये टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने तपासणीच्या नोंदींमध्ये वर्षानुवर्षे फेरफार केल्याचे उघड झाले. तपासणीचे काम केलेल्या एका माणसाने ही माहिती २००० मध्येच सरकारला दिली होती. अध्यक्षांसह वरिष्ठांना पदे सोडावी लागली. एप्रिल २००३ पर्यंत कंपनीच्या सर्व १७ अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद झाल्या.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज तयार होते. देशातील अणुप्रकल्पांच्या सुरक्षेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

खोट्या नोंदींबाबत भारतीय न्याय संहितेतही तरतुदी आहेत. कायद्याने माहिती देणे बंधनकारक असताना सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कलम २१२ नुसार ६ महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कर्मचाऱ्याने फसवणुकीच्या हेतूने मालकाच्या वह्या, कागद किंवा संगणकातील नोंदी बदलल्या, तर कलम ३४४ लागू शकते. त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही कलमे फक्त अणुप्रकल्पांपुरती नाहीत. कारखान्याच्या बॉयलरची तपासणी असो की पुलाची, न पाहता ‘पाहिले’ असे लिहून सही करणाऱ्याने ती सही आपल्यावरही शेकू शकते, हे ध्यानात ठेवावे.