झुडपी जंगल, मामा तलाव आणि आपली बांधी



रोवणा आटोपल्यावर वनविद्या शिकणारी काही पोरं शिवार पाहायला आली होती. तलावाच्या पाळीवर उभं राहून एका पोरीने वरच्या माळाकडे बोट दाखवलं. "काका, हे जंगल आहे की गायरान?" मी म्हटलं, "बेटा, याच प्रश्नावर दिल्लीपर्यंत खटला गेला." तिला जे सांगितलं, तेच इथे लिहून ठेवतो.

आमच्या सिंदेवाही भागात जुन्या लोकांनी गाव बसवलं ते उतार पाहून. सगळ्यात वर जंगल. त्याखाली मुरमाड माळ, तिथे झुडपं, गवत आणि ढोरांची चराई. त्याखाली तलाव आणि पाळीखाली धानाच्या बांध्या. माळाचं पाणी तलावात, तलावाचं बांधीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून आजही सहा हजारांवर आहेत.

1854 मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. मोठी जंगलं सरकारने राखीव केली; गावालगतचं जंगल, माळ आणि तलाव मालगुजाराकडे राहिले. जळतण, चराई, नांगराचं लाकूड, पाणी हा रयतेचा निस्तार. गावची वहिवाट 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये लिहिली जाई. मालगुजार काही देव नव्हता, वेठबिगार होतीच. पण पाळ फुटली तर कोणाच्या दारात जायचं, हे माहीत होतं.

31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. ती जायलाच पाहिजे होती. पण एका उताराचे तीन तुकडे झाले. जंगल वनखात्याकडे, माळ महसुलाकडे, तलाव पुढे सिंचन खातं आणि जिल्हा परिषदेकडे. माळाची नोंद झाली 'झुडपी जंगल'. नाव जंगलाचं, ताबा महसुलाचा.

या नावाचं वजन पुढे कळलं. 1980 मध्ये वन संवर्धन कायदा आला. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरकारी दप्तरात जे जंगल आहे ते जंगलच, मालक कोणीही असो. तोवर अशा जागांवर कुठे शाळा, कुठे घरं, कुठे शेती उभी झाली होती. शेवटी 22 मे 2025 ला निकाल आला: पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जमीन जंगलच धरायची. क्षेत्र सुमारे 86,000 हेक्टर. 1996 आधीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीने नियमित होण्याची वाट ठेवली आहे.

आता आपला प्रश्न. मोकळा माळ दिसला की बाहेरच्या माणसाला तो पडीक वाटतो. लावा रोपं, घाला कुंपण! पण चराई बंद झाली की ढोरं जातात खऱ्या जंगलात, आणि तिथे वाघ आहे. गवताचं मूळ उखडलं की मुरूम-माती येते तलावात. तलाव गाळाने उथळ झाला की धान निसवताना शेवटचं पाणी पुरत नाही. माळावर चुकलेला खड्डा बांधीत लोंबीला पोचट करतो.

म्हणून माळ जंगल ठरला याचं मला दुःख नाही. जंगल म्हणून तो प्लॉटवाल्यांपासून तरी वाचेल. फक्त त्यावरचा निस्तार कागदावर असला पाहिजे. 1966 च्या जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांमध्ये 'निस्तार' हा शब्दच लिहिलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने त्याच कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला.

पोरांना जाताना एवढंच म्हटलं, "जमीन मोजायच्या आधी पाण्यासोबत एकदा वरून खाली चाला."

आणि मंडळी, आपल्यासाठी काम: पुढच्या ग्रामसभेआधी निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि गावनकाशाची नक्कल काढून ठेवा. माळावर लागवडीचा ठराव आला, तर आधी हे तीन कागद टेबलावर ठेवा, मग हात वर करा.