एकोणीस अक्षरांची शिस्त

गणपतीपुळ्याला गेलात तर देवदर्शन करून लगेच परत फिरू नका. जवळच मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली इथे जन्मले. आज तिथे त्यांचं स्मारक आहे.

शाळेत आपण काय शिकलो? केशवसुत म्हणजे बंडखोर कवी, जुनं मोडायला निघालेले. पुरावा म्हणून १८९३ ची ‘तुतारी’. चूक काहीच नाही. पण संशोधनाला बसल्यावर असं तयार विशेषण समोर आलं की जरा थांबा आणि विचारा: बंड नेमकं कशात?

‘आम्ही कोण?’ ही कविता काढा. कवीच्या सामर्थ्याचा केवढा मोठा दावा आहे तिच्यात! आता अर्थ बाजूला ठेवा आणि अक्षरं मोजा. ओळी चौदा. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे ओळीला १९ अक्षरं. म, स, ज, स, त, त हे गण, शेवटी एक गुरू आणि बाराव्या अक्षरानंतर यती. एकूण २६६ अक्षरं. कुठे लघु, कुठे गुरू, हे जवळजवळ सगळं आधीच ठरलेलं. स्वातंत्र्याचा उच्चार केलाय तो एवढ्या अरुंद जागेत.

चौदा ओळींचा हा घाट मूळचा इटलीचा, आपल्याकडे इंग्रजीतून आला. १८९२ चं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतलं पहिलं सुनीत मानतात. वृत्त मात्र जुनं, संस्कृतातून आलेलं, पंडित कवींनी घोटलेलं. ‘तुतारी’साठी त्यांनी मात्रावृत्त घेतलं. म्हणजे केशवसुतांनी नियम फेकून दिले नाहीत, ते निवडले. लादलेला नियम आणि आपणहून घेतलेला नियम यांतला फरक इथे दिसतो. माझ्या मते त्यांचं बंड या निवडीतही आहे.

इथे एक सावधगिरी. पोटासाठी केलेली मास्तरकी, मुंबई, खानदेश, धारवाड अशी वणवण, १९०५ साली हुबळीला प्लेगने आलेला मृत्यू, हयातीत न निघालेला कवितासंग्रह: या ओढाताणीला ‘शिस्त’ म्हणून गौरवू नका. नाइलाज वेगळा, शिस्त वेगळी.

आणखी एक मोह होईल. ‘ते रोज नेमाने लिहायला बसत’ असं वाक्य सहज सुचेल. पण कवितेच्या घाटावरून रचनेतली निवड कळते, दिनक्रम कळत नाही. ते वाक्य खोडा. पुरावा जिथवर नेतो तिथवरच जायचं, हा आपण स्वतःला घातलेला नियम. सुरुवातीला जाचतो. पण त्याच्याच बळावर उद्या तुम्ही पाठ्यपुस्तकाशी, प्रसंगी गाईडशीही, न घाबरता असहमत होऊ शकता.

आज एवढंच करा: एक कविता घ्या, पेन्सिलीने लघु-गुरू मांडा. मत नंतर.