निरोग्यानें घ्यावयाचें औषध

औषध रोग्यानें घ्यावयाचें, हा आपला पिढीजात समज आहे. परंतु हत्तीरोगाचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, ज्याला कांहींच होत नाहीं त्यानें औषध घेतल्यावांचून हा रोग हटत नाहीं.

या रोगाचे कृमि दोऱ्यासारखे असतात. त्यांचीं पिलें माणसाच्या रक्तांत असतात, हें १८७२ सालीं कलकत्त्यास डॉ. लुइस यांनीं दाखविलें. तीं डांसाच्या शरीरांत वाढतात, हें १८७७ सालीं चीनमधील अमॉय बंदरीं डॉ. मॅन्सन यांनीं शोधून काढलें. पाय सुजण्यापूर्वीं कित्येक वर्षें माणूस धडधाकट दिसतो. आणि त्याच काळांत गटाराच्या पाण्यावर पोसलेला डांस त्याचा रोग शेजाऱ्यास पोंचवितो. एकदां हत्तीसारखा झालेला पाय मात्र कोणत्याही गोळीनें पूर्ववत् होत नाहीं.

१९४७ सालीं या रोगावरील डीईसी हें औषध उजेडांत आलें. आपल्याकडे १९५५ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रक्त तपासून रोगी हुडकावे व डांसांच्या अळ्या माराव्या, अशी तेव्हांची रीत होती. पण पिलें रक्तांत उतरतात रात्रीं. घरोघर रात्रीं रक्त कोण घेणार? चीननें पुष्कळ ठिकाणीं मिठांतूनच औषध दिलें, आणि २००७ सालीं तो देश या रोगांतून मुक्त ठरला. जागतिक आरोग्य संघटनेनें २००० सालीं सर्व जगासाठीं मोहीम आंखली. भारतानें २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्वांस वर्षांतून एकदां गोळ्या देण्यास आरंभ केला. आपल्या राज्यांत विदर्भाला या रोगाची झळ अधिक. तथापि ज्यांत आमचें मुक्ताईनगर येतें तो जळगांव जिल्हाही त्या यादींत होता. २०१९ सालीं नागपुरांत तीन औषधें एकत्र देण्यांत आलीं.

दरवर्षीं गोळ्या कशाला, असें कोणी विचारील. गोळ्यांनीं मुख्यतः पिलें मरतात. मोठा कृमि कित्येक वर्षें जगतो. तो मरेपर्यंत त्याची संतति डांसाच्या हातीं लागूं द्यावयाची नाहीं, एवढाच यांतला हिशेब. दोन वर्षांखालील मुलें, गरोदर स्त्रिया व अतिशय आजारी माणसें यांना मात्र त्या देत नाहींत.

हा हिशेब बिघडतो तो बहुधा आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतच. गोळ्या आदरानें घेतल्या जातात आणि फडताळांत ठेवल्या जातात. म्हणूनच आरोग्यसेविका त्या आपल्यासमोर गिळावयास सांगते. त्यांत अविश्वास मानूं नये. आपण न गिळलेल्या गोळीची किंमत शेजारच्या एखाद्या लेकराला जन्मभर पायानें भरावी लागते.