अपुऱ्या दिवसांचे बाळ (सातारा-सांगली परिसर)

गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले अर्भक. वैद्यकीय मराठीत ‘अकालजात’, बोलीत ‘सातमाशी’ किंवा ‘अठमाशी’, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी ‘पेटीतले बाळ’. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ३२ आठवड्यांच्या आतले बाळ अधिक जोखमीचे, २८ च्या आतले सर्वांत नाजूक. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे प्रत्येक बाळ अपुऱ्या दिवसांचे असतेच असे नाही. दिवस भरूनही पोटात न वाढलेली बाळे आपल्याकडे पुष्कळ असतात, आणि दोन्ही उणिवा एकाच बाळात असल्या तर ते सर्वांत अडचणीचे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे वेळेआधी जन्मली असा अंदाज आहे. त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली. इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत.

सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूत सातारा-सांगलीकडच्या म्हाताऱ्या बायका आजही सांगतात. ती फक्त आपली नव्हे; हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांतही ती आहे. समजूत जुनी असली तरी चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा नक्कीच सरस, आणि ‘अठमाशी आहे, काही खरे नाही’ म्हणून गाडी काढायला उशीर करणे हाच त्याला खरा धोका.

या परिसरात आधुनिक रुग्णसेवेची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेतील मिशन रुग्णालय १८९४ चे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडला कृष्णा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीला पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, अशी मोठी ठिकाणे आहेत. मात्र पाटण-जावळीच्या डोंगरातून किंवा जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यातून तिथवर पोचणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो. या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते. हिवाळ्याच्या रात्री साध्या टॉवेलात गुंडाळून आणले तर ते वाटेतच गार पडते, आणि गार पडलेल्या बाळाचा श्वास, साखर, दूध पिणे सगळेच बिघडते.

नकाशावर पाहिले तर हे दोन जिल्हे पुणे-बेळगाव महामार्गाच्या मधोमध येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी महत्त्वाचे संशोधन या रस्त्याच्या दोन्ही टोकांना झाले आहे, हा योगायोग इथे उपयोगी पडतो.

आधी दक्षिणेचे टोक. अशा बाळाचा पहिला अडथळा फुप्फुसाचा. फुप्फुसातल्या सूक्ष्म पिशव्या मिटून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो. तो गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी श्वासाच्या त्रासाने दगावणाऱ्या बाळांत हा थर अपुरा असल्याचे दाखवले. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन बाळाचे फुप्फुस लवकर पक्व करता येते हे सिद्ध केले. मोठ्या रुग्णालयांत इलाज रुळला. मग विचार आला की इतके स्वस्त इंजेक्शन गावपातळीपर्यंत का नेऊ नये?

हे तपासण्यासाठी सहा देशांत चाचणी झाली. तीत भारतातून बेळगाव आणि नागपूर ही केंद्रे होती. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली छापून आले आणि सगळ्यांनाच धक्का बसला. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट सगळी बाळे धरली तर दर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गही वाढलेला दिसला. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांना लहान बाळ झालेच नव्हते. दिवसांचा अंदाजच कच्चा होता. प्रश्न औषधाचा की ते देण्याच्या जागेचा, हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुढची चाचणी पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत घेतली. त्यात बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय पुन्हा सहभागी होते. यावेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केले, २६ ते ३४ आठवड्यांमधल्याच बायका घेतल्या आणि बाळाची सोय असलेलीच रुग्णालये निवडली. २,८५२ बायकांच्या या चाचणीत बाळांच्या मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या मुदतीआधी थांबवली (२०२०). एकच औषध, दोन निकाल. आमच्या मते या विषयातला सर्वांत शिकण्याजोगा प्रसंग हाच आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी सुरुवातीच्या महिन्यांतच केलेल्या सोनोग्राफीचे मोल तो दाखवतो. बेळगाव आणि नागपूर याच केंद्रांनी भाग घेतलेल्या आणखी एका चाचणीत ११,९७६ पहिलटकरणींना रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन किंवा औषधविरहित गोळी दिली. वेळेआधीच्या जन्मांचे प्रमाण १३.१ ऐवजी ११.६ टक्के भरले. अर्थात ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नव्हे.

उत्तर टोकाकडे जाण्याआधी थोडे महामार्गाबाहेरचे. औषधे आणि यंत्रांच्या मानाने ऊब आणि दूध हे दोन उपाय फारच साधे दिसतात, पण त्यांचा पुरावा भक्कम आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्ध पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. मुंबईच्याच केईएम रुग्णालयात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर ‘कांगारू’ पद्धतीची चाचणी झाली (२००८). टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्याच कपड्यांत बाळाला आईच्या उघड्या छातीवर बेडकासारखे पाय दुमडून उभे ठेवायचे आणि वरून ओढणीने दोघांना एकत्र बांधायचे. अशा बाळांचे वजन रोज सरासरी २४ ग्रॅम वाढले. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांचे साडेपंधरा. आई थकली तर बाप किंवा आजीही चालते. ज्या बाळाला ओढून पिता येत नाही त्याला आईचे काढलेले दूध नळीने, आणि पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. बोंडले हे आपल्या माजघरातले जुने भांडे आज अतिदक्षता कक्षात दिसते, हे विशेष. त्याच माजघरातले मध चाटवणे, गुटी देणे आणि जन्मताच आंघोळ घालणे मात्र या बाळाला घातक.

हेच काम घरी होऊ शकते का, याचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत शिकवून तयार केल्या आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला (‘लॅन्सेट’, १९९९). अपुऱ्या दिवसांच्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण तर ३३.३ टक्क्यांवरून १०.२ वर आले. आज आशाताई बाळाचे वजन करायला, ताप पाहायला ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी दारात येते, ती याच संशोधनातून निघालेली पद्धत आहे. केंद्र सरकारने ती २०११ मध्ये देशभर लागू केली.

महामार्गाच्या उत्तर टोकाला पुणे. जगल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथे विचारला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात घरी सोडलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा तब्बल अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. इतका लांब पाठपुरावा आपल्या देशात दुर्मीळ. बाराव्या वर्षी या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे ९० होता, पूर्ण वजनाच्या मुलांचा ९७. म्हणजे बहुतेक मुले चारचौघांसारखीच होती. पण वाचन, गणित आणि हात-डोळ्यांचा मेळ यांत अडचणी जास्त दिसल्या. सर्वांत मागे राहिली ती अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय पोटात न वाढलेली मुले. वर्गात ‘धांदरट’ म्हणून ओरडा खाणाऱ्या पोराच्या डिस्चार्ज कार्डावर १,६०० ग्रॅम लिहिलेले असू शकते, हे शिक्षकांनी जाणून घ्यावे. अशा मुलाची प्रगती मोजताना पहिली दोन वर्षे वय ‘दुरुस्त’ करून धरतात: दोन महिने आधी जन्मलेले बाळ आठ महिन्यांचे झाले तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची.

पाठपुरावा तुटतो कुठे, हे या भागातली राहणी पाहिली की कळते. पहिले बाळंतपण माहेरी. कराडला जन्मलेले बाळ तिसऱ्या महिन्यात आईबरोबर जतला सासरी जाते आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहते. दुसरी तऱ्हा ऊसतोडीची. मराठवाड्यातून दिवाळीच्या आगेमागे आलेली जोडपी कारखान्याच्या कोपीत हंगाम काढतात. फडावरून प्रसूतीला गेलेली बाई पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बाळासह गावी परतते. दोन्ही ठिकाणच्या यादीत मग ते बाळ कोणाचेच नसते.

याचा सर्वांत मोठा फटका डोळ्यांना बसतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्या अर्धवट असतात. बेताबाहेर ऑक्सिजन मिळाला, किंवा बाळ फारच लहान असले, तर त्या वेड्यावाकड्या वाढून पटल सुटू शकते. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो. वेळेत लेसर केल्यास बहुतेकांची दृष्टी वाचते, उशीर झाल्यास काही करता येत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करायची. २८ आठवड्यांच्या आतले किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांत. हे दिवस जन्मतारखेपासून मोजतात, घरी सोडल्याच्या तारखेपासून नव्हे.