ॲस्पिरिनसंवेदी दमा : नाक आणि सायनसचे विकार

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हिवाळ्याच्या प्रारंभी प्रदूषण वाढते, तसे नाक चोंदणे आणि धाप लागणे या तक्रारीही वाढतात. मात्र नाक वर्षभर बंद राहत असेल, वास येईनासा झाला असेल आणि वेदनाशामक गोळी घेतल्यावर दम लागत असेल, तर दोष केवळ हवेचा नसून तो ॲस्पिरिनसंवेदी दमा असू शकतो.

दमा, नाकातील पॉलिप म्हणजे मांसवृद्धी आणि ॲस्पिरिनसारखी औषधे न सोसणे, ही या विकाराची तीन लक्षणे होत. फ्रान्समध्ये फर्नांड विडाल यांनी १९२२ मध्ये त्याचे वर्णन केले. अमेरिकेतील मॅक्स सॅम्टर व रोलंड बिअर्स यांच्या १९६८ मधील लेखनानंतर तो ‘सॅम्टरची त्रयी’ म्हणून परिचित झाला. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के, तर तीव्र दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १५ टक्के व्यक्तींमध्ये तो आढळतो.

विकाराचा आरंभ बहुधा तिशीच्या सुमारास, न हटणाऱ्या सर्दीने होतो. पुढे सायनसचा दाह, पॉलिप आणि दमा उद्भवतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतल्यानंतर साधारणतः अर्ध्या ते तीन तासांत नाक वाहू लागते आणि श्वासनलिका आकुंचन पावतात. ही औषधे एका विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे शरीरात ल्युकोट्राईन हे दाहकारक घटक अतिरिक्त प्रमाणात तयार होतात. ही नेहमीची ॲलर्जी नसल्याने त्वचेच्या वा रक्ताच्या चाचणीत ती उघड होत नाही. निदान रुग्णाच्या पूर्वेतिहासावरून आणि गरज भासल्यास रुग्णालयातील देखरेखीखालील चाचणीने केले जाते.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे, स्टेरॉईडचा फवारा आणि माँटेलुकास्ट यांनी आराम मिळतो. शस्त्रक्रियेने पॉलिप काढता येतात, परंतु ते पुन्हा वाढण्याची शक्यता मोठी असते. काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय देखरेखीखाली ॲस्पिरिनची मात्रा क्रमाक्रमाने वाढवून ते सोसण्याची सवय लावली जाते. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेत श्वसनमार्गाची ॲलर्जी आणि दमा यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे.

अशा रुग्णांनी ताप वा अंगदुखीवर दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये आणि प्रत्येक डॉक्टरांना, दंतवैद्यांनाही, आपल्या विकाराची कल्पना द्यावी. पॅरासिटामॉल अल्प मात्रेत बहुतेकांना सोसते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.